दौलतदादांनी हात आवरला

राहनाळ गावात लग्न ठरलं की बँड कुठला, मांडव कोणाचा, हे लोक मागाहून विचारतात. आधी विचारतात, वाढायला दौलतदादा आहेत ना? दौलत तरे काही आचारी नव्हेत. त्यांना साधा चहा ठेवायला सांगितला तर दूध उतू जाईल आणि वर तेच गॅसला नावं ठेवतील. पण हळदीच्या पंगतीत मटणाची बालदी एका हातात आणि पळी दुसऱ्या हातात आली की पासष्टीचा हा माणूस पंचविशीच्या पोरासारखा चालायला लागतो.

‘बस, दादा, पोट फुटंल,’ म्हणत पाहुणा पत्रावळीवर दोन्ही हात आडवे धरतो. दौलतदादा अजिबात वाद घालत नाहीत. ‘बरं, राहिलं,’ म्हणतात आणि पुढच्याकडे वळता वळता सहज विचारतात, ‘तुमचा धाकला पोऱ्या कुठं असतो हल्ली?’ पाहुणा सांगायला हात उचलतो आणि तेवढ्यात पळीभर मटण त्याच्या भातावर पडलेलं असतं. पंगत हसते, पाहुणा कपाळावर हात मारून घेतो आणि मुकाट जेवतो. नंतर हाच पाहुणा गावभर कौतुकानं ते सांगत फिरतो.

ही विद्या त्यांच्या वडिलांची. ते म्हणायचे, पहिली वाढ भुकेची, दुसरी मानाची. एकदाच वाढून पुढं सरकणं म्हणजे पाहुण्याला ऊठ म्हणण्यासारखंच. शेतं गेली, शेतांच्या जागी गोडाऊनं आली, जिथं भात झोडायचे तिथं आता ट्रेलर उभे राहतात. पण तऱ्यांच्या घरात दुसरी वाढ चुकली नाही. कुरिअरचं पाकीट द्यायला आलेला पोरगासुद्धा तिथून भाकरी खाल्ल्याशिवाय सुटत नाही.

अशा घरात देवेश जन्माला आला आणि त्यानं तोंड मिटून घेतलं.

देवेश म्हणजे दौलतदादांच्या मनोजचा मुलगा. सातव्या महिन्यातच झाला, आणि सुरुवातीचे बरेच दिवस दवाखान्यात नाकातल्या नळीनं दूध घेत राहिला. नळी निघाली, बाळ घरी आलं, बारसं झालं. पण ओठांशी काही आलं की त्याची मान फिरे. ठसका लागायचा, उलट्या व्हायच्या. पुढे ठसका थांबला, उलट्या थांबल्या, मान फिरायची तेवढी थांबली नाही. चार वर्षांचा झाला तरी बाटलीतलं दूध आणि एकाच जातीची बिस्किटं, याच्यापुढे त्याचा संसार सरकला नव्हता. डॉक्टरांनी गळा तपासला, पोट तपासलं. आता आत काही दोष नाही म्हणाले. पण हातपाय काडीसारखे राहिलेले, आणि जिना चढताना मध्येच बसायचा.

‘दिवाळीनंतर पुन्हा वजन करू,’ डॉक्टर म्हणाले. ‘वाढलेलं नसेल तर पोटाला लहानसं छिद्र पाडून नळी बसवू. अंगात काहीतरी जायला तर हवं.’ ते समजावूनच बोलले, रागावले नाहीत. नळीतून सुटून आलेलं पोर पुन्हा नळीला बांधायचं, हे दौलतदादांच्या काळजाला असं लागलं की त्या दिवशी त्यांनी स्वतःचं ताटही अर्धवट सोडलं. घरात हे कोणी कधी पाहिलं नव्हतं.

प्रयत्न कमी पडले असं मात्र कोणी म्हणू नये. देवेशचं जेवण म्हणजे घरात रोजचा तमाशाचा फड. आजी राहीबाई ताटलीवर चमचा वाजवून गाणी म्हणायची. आई मृणाली गोडाऊनच्या ऑफिसातून ड्युटी करून दमून आलेली, ती मोबाईलवर कार्टून लावून धरायची. शेजारचा नवशा, दौलतदादांचा लहानपणापासूनचा जोडीदार, खिशात वेफर्स घेऊन दारात उभा, ‘घे बाला, हे तरी खा.’ आणि दौलतदादा? ते आपली विद्या वापरत. नातवाला कडेवर घेऊन ट्रेलर दाखवायला न्यायचे. ‘तो बघ, केवढा मोठा,’ म्हणायचे. पोरानं आश्चर्यानं तोंड उघडलं की घास आत. कधी गिळला जायचा, बहुतेक वेळा शर्टावर यायचा. पण एखादा गेला की दौलतदादा दिवसभर मिशीतल्या मिशीत हसत.

मृणालीच्या ऑफिसातल्या एका बाईनं नूरैनचं नाव सांगितलं. धामणकर नाक्याजवळ एका दुकानाच्या वर तिचं केंद्र. मुलं जेवत नाहीत, बोलत नाहीत, एका जागी बसत नाहीत, अशा मुलांच्या सवयींवर ती काम करायची. वय तिशीच्या आत. तिच्या वडिलांचे लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, खालच्याच गल्लीत, त्यामुळे खोलीत दिवसभर त्यांची खडखड. दौलतदादांनी तिच्याकडे पाहिलं आणि मनात म्हणाले, हिची स्वतःची तरी पोरं जेवत असतील का? नंतर कळलं, तिला अजून मूलच नव्हतं. त्यांचा विश्वास आणखी कमी झाला.

नूरैननं औषध दिलं नाही, की उपदेशही केला नाही. म्हणाली, ‘घरी जेवता तसं इथं जेवून दाखवा.’ मग काय, आजीनं ताटली वाजवली, आईनं मोबाईल धरला, आजोबांनी खिडकीतून खालचा ट्रॅफिक दाखवला. देवेशनं तीन-चार वेळा मान फिरवली, एकदा वाटी लाथाडली आणि एक घास फसवाफसवीनं आत गेला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. आजी पाणी प्यायला उठली, मृणाली फोन बघायला लागली.

‘बघितलंत?’ नूरैन म्हणाली. ‘त्यानं नाही म्हटलं तेव्हा तुम्ही तिघं त्याच्याभोवती. खाल्लं तेव्हा सगळे उठून गेले. काका, तुम्ही त्याच्या जागी असता तर काय केलं असतं?’

मनातल्या मनात दौलतदादांनी उत्तर दिलं, आणि ते उत्तर त्यांना आवडलं नाही.

‘आणि दुसरं,’ ती जरा हळू आवाजात म्हणाली, ‘ट्रक दाखवून घास घालणं बंद. चिमण्या बघायला तोंड उघडलं तरी चमचा येतो, हसायला उघडलं तरी येतो. म्हणून तो तोंड मिटूनच बसतो. त्याला तुमची भीती नाही, पण तुमच्या हाताची आहे.’

हे ऐकून राहीबाईनं पदर तोंडाला लावला. दौलतदादांचा चेहरा पडला. ज्या हाताचं उभ्या पंचक्रोशीत कौतुक, त्या हाताला घरचं लेकरू भितं, हे ऐकायला हा जिना चढून यावं लागलं. त्यांना राग आला, आणि राग कुणावर काढावा ते कळेना.

नूरैनची पद्धत सांगायला सोपी होती. जेवणाच्या वेळा ठरलेल्या, मधे बाटली नाही, बिस्किट नाही, फक्त पाणी. जेवण एकाच जागी, एकाच माणसाच्या हातून, घड्याळाची घंटी वाजेपर्यंत. आधी रिकामा चमचा ओठांना लावायचा. तेवढं जमलं की कालवणात बुडवलेला चमचा, मग भाताचं एक शीत, मग दोन. काय देतो ते आधी सांगायचं, फसवायचं नाही. त्यानं घेतलं की मनापासून शाबासकी आणि खेळायला त्याचा आवडता लाकडी ट्रेलर. नाही घेतलं, रडला, वाटी फेकली, तर ओरडणं नाही, विनवणी नाही, चेहऱ्यावर काही दाखवायचंही नाही. शांत बसून पुन्हा तेच सांगायचं. सुरुवातीची जेवणं तिच्यासमोर होणार होती, आणि अंगातलं पाणी कमी होतंय का ते डॉक्टरही बघणार होते.

‘आधी तो जास्त रडेल,’ तिनं बजावलं. ‘आजवर रडलं की ताट हलायचं. आता हलत नाही म्हटल्यावर जोर लावून बघेल. त्या वेळी जो माणूस डगमगणार नाही, त्यानंच हे करायचं. कोण करणार?’

मनोज टेम्पोवर, त्याची दुपार रस्त्यावर. मृणालीनं खरं सांगितलं, ‘तो रडला की मी रडते.’ राहीबाईचा तर प्रश्नच नव्हता. दौलतदादा खाकरले. ‘मी करतो,’ म्हणाले. ‘आजवर माझ्या हातून कोनी उपाशी उठला न्हाय.’

नूरैननं त्यांच्याकडे रोखून पाहिलं. ‘काका, इथं उपाशी उठू द्यायला शिकायचंय. तेच कठीण आहे.’

कठीण म्हणजे किती कठीण, ते पहिल्याच दुपारी कळलं. रिकामा चमचा पाहून देवेशनं असा काही आकांत मांडला की खालचा दुकानदार वर डोकावून गेला. वाटी भिंतीवर गेली. दौलतदादांच्या ओठांवर ‘राहू दे रं बाला’ हे शब्द येऊन उभे होते. त्यांनी ते गिळले. आयुष्यभर बडबड करून ज्यानं गाव जिंकलं, तो माणूस तोंडाला कुलूप घालून बसला. घंटी वाजली, जेवण संपलं, देवेश काही न खाता उठला. दौलतदादांचा शर्ट पाठीला चिकटला होता. ‘छान केलंत,’ नूरैन म्हणाली. त्यांना वाटलं, ही पोरगी थट्टा करते.

घरी तर आणखी परीक्षा. राहीबाई जेवणाच्या वेळी नवशाच्या घरी जाऊन बसायला लागली. तिला नातवाचं रडणं ऐकवत नव्हतं, आणि नवऱ्याचं ते दगडासारखं बसणं तर बघवतच नव्हतं. गल्लीत कुजबुज सुरू झाली की म्हातारा पोराला उपाशी ठेवतो. दौलतदादांनी ऐकलं. ज्यानं गावाला वाढलं त्याच्याविषयी हे बोलणं! मला तर त्या कुजबुजणाऱ्यांचा आजही राग येतो. त्यातल्या अर्ध्याजणांच्या पोटात दौलतदादांची दुसरी वाढ गेली होती. पण दादा ओटीवर उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, ‘पोरगा जेवत असंल तवा कोनी येऊ नका. आलात तर बोलू नका. खिशातून काय काढू नका.’ हे शेवटचं नवशासाठी होतं. नवशा रुसला आणि त्यानं बरेच दिवस तिकडची वाट सोडली.

हळूहळू रडणं ओसरलं. एका दुपारी देवेशनं रिकामा चमचा स्वतःहून ओठांना लावला आणि आजोबांकडे बघितलं. ‘शाब्बास, माझ्या वाघा,’ दौलतदादा म्हणाले, आणि ट्रेलर पुढे केला. मग कालवणाचा चमचा आला, मग एक शीत. एका शितासाठी त्यांनी जेवढं मन लावलं तेवढं अख्ख्या लग्नाच्या पंगतीला कधी लावलं नसेल.

आणि मग ते चुकले. चुकायचंच होतं, रक्तच तसं.

दिवाळीला थोडे दिवस उरलेले. देवेशनं बोंबलाच्या कालवणात कालवलेला अख्खा घास, खरा माणसाचा घास, तोंडात घेतला, चावला, गिळला. ठरलं होतं ते असं की आज एवढाच. पण दौलतदादांना वडिलांची दुसरी वाढ आठवली. लेकरू पहिल्यांदा जेवलं आणि मी एकदाच वाढून हात मागं घेऊ? त्याला ऊठ म्हणू? देवेश हसत होता, ट्रेलरकडे बघत होता, तोंड उघडं होतं. विचार करायच्या आत हात पुढे गेला. दुसरा घास, पहिल्यापेक्षा मोठा, सरळ आत.

देवेशला ठसका लागला. घास बाहेर आला, पाठोपाठ पहिलाही. तो रडला नाही. त्यानं नुसतं आजोबांच्या हाताकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले.

त्यानंतर शीत नाही, कालवण नाही, रिकामा चमचासुद्धा नाही. दौलतदादा नूरैनकडे गेले तेव्हा खुर्चीवर बसेनात. ‘मी फसवला त्याला,’ म्हणाले. ‘तू सांगितलं होतंस, तरी फसवला. आता दुसऱ्या कोनाला तरी दे हे काम. माझा हात खोटा हाय.’

नूरैनला आतून चीड आली होती. इतक्या दिवसांची मेहनत एका घासात गेली होती. पण समोरच्या माणसाला ती आणखी काय बोलणार? ‘दुसरा कोणी आला तर देवेश त्याच्या हातून खायला शिकेल,’ ती म्हणाली. ‘तुमच्या हाताची भीती तशीच राहील. आयुष्यभर आजोबांजवळ राहायचंय ना त्याला? मग तुम्हीच. पहिल्यापासून. आणि जेवढं सांगाल तेवढंच द्यायचं. त्यानं आणखी मागितलं तर गोष्ट वेगळी.’

दौलतदादांनी पुन्हा रिकामा चमचा उचलला. ‘आबा फक्त चमचा लावनार. आत काय न्हाय,’ असं सांगत, आणि खरोखर तेवढंच करत. गंमत अशी की या फेरीत त्यांनी सांगितलेलं एकदाही मोडलं नाही. देवेश एक शीत खाऊन हसला तरी दुसरं शीत वाटीत राहिलं. अशा वेळी ते डावा हात उजव्या मनगटावर धरून बसायचे. त्यांचाच हात, आणि त्यांनाच धरून ठेवायला लागत होता. राहीबाईनं एकदा दारातून हे पाहिलं. त्या दिवसापासून ती नवशाच्या घरी जायची थांबली आणि स्वयंपाकघरात बसून वाट बघायला लागली.

दिवाळी झाली आणि तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या मुहूर्ताला नवशाच्या लेकीचं, क्षितिजाचं, लग्न निघालं. नवशा रुसवा विसरून आला. ‘दौलत, हळदीची पंगत दुपारची हाय. बालदी तुझी.’ दौलतदादांनी विचारलं, किती वाजता? वेळ ऐकली आणि मान हलवली. ‘तवा पोराचं जेवन असतं.’ नवशाला खरंच वाटेना. राहनाळात पंगत बसली आणि दौलत तरे बालदी न उचलता घरात बसले, असं त्या गावानं पहिल्यांदाच पाहिलं. मांडवातला बँड घरात ऐकू येत होता, मसाल्याचा वास येत होता. दौलतदादा जमिनीवर मांडी घालून नातवासमोर बसले होते आणि म्हणत होते, ‘चार शितं. आबा चारच देनार.’ या माणसाविषयी मला मनापासून आदर वाटतो तो या दुपारमुळे. वाढणारे पुष्कळ असतात.

वजनाचा दिवस उजाडला. डॉक्टरांनी दुपारनंतरची वेळ दिलेली. देवेश आता वाटीतला चतकोर भात खात होता, कालवण चाटत होता. पण काट्यावर ते दिसेल की नाही, कोणी सांगू शकत नव्हतं. सकाळपासून घरात सगळे दबक्या आवाजात बोलत होते. मृणालीनं ऑफिसातून रजा घेतली होती. भात गॅसवर नुकताच चढला होता, जेवायला अजून अर्धा तास होता.

देवेश अंगणात ट्रेलर ओढत होता. तो थांबला, आत आला, आजोबांच्या गुडघ्याला टेकला आणि म्हणाला, ‘आबा, भूक लागली.’

स्वयंपाकघरात राहीबाईच्या हातातली पळी थांबली. मृणाली दारात आली. या पोरानं हा शब्द कधी उच्चारला नव्हता. कसा उच्चारणार? भूक पोटात यायच्या आधी बाटली तोंडात यायची.

‘दूध देऊ काय?’ राहीबाई घाईघाईनं म्हणाली. ‘हाय फ्रिजमध्ये. पोटभर पिऊ दे, तेवढंच काट्यावर दिसंल. आजचा दिवस तरी, अहो.’

तिचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. आज काट्यावर मूठभर कमी भरलं तर पोराच्या पोटाला छिद्र पडणार होतं, आणि बाटली हाताशी होती. दौलतदादांना ते कळत होतं. नातवाचे बारीक दंड त्यांच्या गुडघ्यावर होते आणि ते पोर त्यांच्याकडे मागत होतं. ज्या माणसानं उभ्या जन्मात कोणाला क्षणभर उपाशी थांबवलं नाही, त्याच्याकडे.

‘नको,’ ते म्हणाले. मग देवेशला म्हणाले, ‘भूक लागली ना बाला? चांगलं झालं. भात होतोय. घंटी वाजली की जेवू. तवर आबा हाय तुझ्यासंगं.’

देवेश भुणभुणला, थोडा रडलाही. दौलतदादा त्याला घेऊन अंगणात बसले. काही दाखवलं नाही, काही फसवलं नाही, नुसते बसले. डोळ्यांतलं पाणी पुसायला त्यांनी हातही उचलला नाही, पोर बघेल म्हणून. तो अर्धा तास त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात लांब होता. घंटी वाजली तेव्हा देवेश आजोबांच्या आधी पाटावर जाऊन बसला. चमच्याची वाट न बघता त्यानं भातात बोटं घातली आणि स्वतःच्या हातानं तोंडात कोंबली. वाटी रिकामी झाली. ‘अजून,’ तो म्हणाला. दौलतदादांनी राहीबाईकडे पाहिलं. तिला भांडं पुढे करताना धड दिसतही नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी काट्यावरचा आकडा दोनदा पाहिला, मग जुना कागद पाहिला. ‘थोडं वाढलंय,’ म्हणाले. ‘थोडंच, पण वाढलंय. आणि खायला लागलाय म्हणता. नळीचं राहू दे आता. असंच चालू ठेवा.’ मृणालीनं भिंतीला पाठ टेकली. दौलतदादांनी डॉक्टरांना दोन्ही हात जोडले आणि नूरैनला फोन लावला. पण ती ‘हॅलो काका’ म्हणाल्यावर त्यांनी फोन सुनेच्या हातात दिला.

परतताना धामणकर नाक्यावर रिक्षा अडकली. पुढे कंटेनर, मागे टेम्पो, हॉर्नचा नुसता कलकलाट. देवेश आजोबांच्या आणि आईच्या मधे बसून बाहेर बघत होता. बघता बघता त्यानं सहज विचारलं, ‘आबा, रात्री जेवायला काय हाय?’

असल्या प्रश्नाला घरोघरच्या बायका वैतागतात. दौलतदादा नातवाकडे बघतच राहिले. शेवटी मृणालीनंच नाक पुसत सांगितलं, ‘वालाची भाजी हाय, आणि भाकरी.’

‘बरं,’ देवेश म्हणाला, आणि पुन्हा कंटेनर बघायला लागला.